काढला तेव्हा चालत होता

सेकंडहँड गिअरबॉक्स विकणारा अमेरिकन माणूस एकच वाक्य बोलतो : "काढला तेव्हा उत्तम चालत होता." हे वाक्य खोटं नसतं, हीच त्यातली मेख. उत्तम चालणारा सव्वाशे पौंडांचा धोंडा गाडीखाली आडवं पडून काढलाच कशाला, हे मात्र विचारायचं नसतं. विचारलंच तर गाडीला मागून धडक बसलेली असते, नाहीतर गाडी एका आजीबाईंची असते आणि त्या फक्त रविवारी चर्चला जायच्या. पेनसिल्व्हेनियात अशा आजीबाई इतक्या आहेत की चर्चबाहेर पार्किंगला जागा मिळत नसणार.

हे ज्ञान मला नवऱ्यामुळे झालं. न्यू जर्सीतल्या इतर मराठी घरांत साठीला टेकलेले पुरुष ढोल-ताशा पथकात जातात, नाहीतर परसात मेथी लावतात. आमच्याकडे हॉट रॉड चालू आहे. म्हणजे १९३१ची फोर्ड मॉडेल ए आणायची, तिची मडगार्डं काढून टाकायची आणि हेन्री फोर्डने हिशेबाने बसवलेल्या चाळीस हॉर्सपॉवरच्या इंजिनाच्या जागी शेव्हरोलेचं ३५० क्युबिक इंचांचं व्ही-एट कोंबायचं. हा उद्योग १९३०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या पोरांनी वाढवला. म्युरॉकच्या कोरड्या तळ्यावर ती असल्या गाड्या पळवत. खिशात पैसे नसायचे म्हणून त्यांनी जुनी गाडी घेतली. आमच्याकडे पैसे उरू नयेत म्हणून घेतली आहे.

हॉट रॉडला हाताने टाकायचाच गिअर हवा, असं या पंथातली कट्टर मंडळी मानतात. नवराही मानायचा. त्याने वडिलांची फियाट खंबाटकी घाटात कशी न तापवता चढवली, ही कथा आमच्या दोन्ही मुलांना पाठ आहे. मग डावा गुडघा कुरकुरायला लागला, डॉक्टरांनी क्लचला मनाई केली आणि घरात अचानक ऑटोमॅटिकची बाजू मांडली जाऊ लागली. ऑल्ड्समोबिलने १९४०च्या मॉडेलला हायड्रामॅटिक दिला तेव्हापासून जग कसं पुढे गेलंय, हे मी भाजी निवडता निवडता ऐकलं. घाटाची कथा बंद झाली.

आता घ्यायचा कोणता? पहिला मान टर्बो ४००चा. १९६४मध्ये आलेला, दणकट. "रोल्स-रॉइसने हाच वापरला, जॅग्वारने वापरला, फेरारीनेसुद्धा!" नवरा म्हणाला, आणि आता कोथरूडला फोन जाणार हे मी ओळखलं. तिकडे 'रोल्स-रॉइसचा गिअरबॉक्स' यातला दुसरा शब्द कुणी ऐकला नसता. मी निमूटपणे टेप आणून दिली. मापं घेतल्यावर कळलं की हे धूड बसवायचं तर मॉडेल एची जमीन कापावी लागेल आणि ड्रायव्हरला उजवा पाय घरी ठेवून यावं लागेल.

मग ७०० आर-४. मला हा मनापासून आवडला. याला चार गिअर असतात आणि चौथा ओव्हरड्राइव्ह, ०.७०चा. हायवेवर तिसऱ्यात इंजिनाला मिनिटाला २८०० फेरे घ्यावे लागत असतील तर चौथ्यात १९६०वर भागतं. पेट्रोल वाचतं, कानही वाचतात. पण याला कार्ब्युरेटरपासून एक बारीक केबल येते. अॅक्सिलरेटर किती दाबलाय ते ही केबल गिअरबॉक्सला कळवते आणि त्यावर आतल्या तेलाचा दाब ठरतो. ती जरा सैल राहिली की दाब कमी पडतो, क्लच घसरतात आणि घसरून घसरून जळतात. आमचा कार्ब्युरेटर बाहेरून आणलेला, त्याची नि या केबलची ओळख नाही. ज्या घरात पडद्याची दोरी चार वर्षं लोंबते आहे, तिथे एका केबलच्या ताणावर एवढा मोठा भरवसा ठेवावा, हे मलाच पटेना.

पॉवरग्लाइडला दोनच गिअर. नवऱ्याने नाव आदराने घेतलं आणि सोडून दिलं.

उरला टर्बो ३५०. १९६९चा, तीन गिअरचा, आखूड, हलका, बिनतक्रार. हा खालून ओळखायचा असतो. तेलाचं पॅन चौकोनी, पण एक कोपरा कापलेला. पॅनला बोल्ट तेरा. तरी फसायला जागा राहतेच. जनरल मोटर्स एकच कंपनी, पण शेव्हरोलेच्या इंजिनाची भोकं वेगळी आणि ब्युइक, ऑल्ड्समोबिल, पॉन्टिअॅकची वेगळी. भाऊबंदकी म्हणतात ती ही. टर्बो ३५० म्हणून आनंदाने घरी आणावा आणि तो इंजिनाला बसूच नये, हे या पंथात सर्रास घडतं. त्यामुळे पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइलच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात नवरा दिसेल त्या गिअरबॉक्सपुढे उकिडवा बसून पुठ्ठ्याचा साचा लावून बघत होता. गुडघ्याचं तेवढ्यापुरतं त्याच्या लक्षात नव्हतं.

मी मागे उभी राहून वास घेत होते. या धंद्यात माझा उपयोग आहे हे तिथे कळलं. ऑटोमॅटिकचं तेल मुळात लाल. आतले क्लच जळले की ते तपकिरी होतं आणि त्याला करपट वास येतो. रंग फसवू शकतो, कारण जुनं तेल काढून नवं लाल तेल ओतायला कितीसा वेळ लागतो? वास मात्र आतल्या कानाकोपऱ्यात राहतो. तळाशी लागलेला मसालेभात वरून कोथिंबीर पेरून पुढे आला तरी मला पातेल्याजवळ न जाता कळतं. इथे तर नाक थेट भोकाशी होतं. "करपलाय," मी म्हणायचे, आणि नवरा पुढच्या टेबलाकडे सरकायचा. विकणारे माझ्याकडे जरा दचकून बघत. (१९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत या तेलात देवमाशाचं तेल घालत असत. हे नवऱ्याने सासूबाईंना हौसेने सांगितलं. "चातुर्मासात मी नाही हो बसायची त्या गाडीत," त्या म्हणाल्या.)

शेवटी शहाणपण असं ठरलं की काढलेला गिअरबॉक्स घ्यायचाच नाही. गाडीतच असलेला, चालू, आपल्या पायाने चालवून बघता येणारा घ्यायचा. तसा एक मिळाला. शेतावरची १९७६ची शेव्हरोले नोव्हा, दारं गंजून जाळी झालेली, पण इंजिन एका हाकेत सुरू. नवऱ्याने रिव्हर्स टाकला, गाडी न रेंगाळता मागे सरली. पुढे घेतली, तीनही गिअर झटका न देता पडले. इंजिन गरम झाल्यावर पार्कमध्ये, चालू ठेवूनच डिपस्टिक काढली. मी ती फडक्याला पुसली. डाग चेरीसारखा लाल. नाकाशी धरली. नुसतं तेल, बाकी काही नाही.

"घे," मी म्हटलं.

शेतकरी म्हातारा हे सगळं गंभीरपणे बघत होता. तीनशे डॉलर मोजून घेतल्यावर तो मला म्हणाला, "मॅम, हरकत नसेल तर माझ्या पिकअपचं जरा बघता का?" गोठ्यापाशी उभ्या फोर्डची डिपस्टिक त्याने स्वतः काढून अदबीने पुढे धरली. हातभर अंतरावरूनच मी मान फिरवली. "करपलंय."

"दोन वर्षं झाली," म्हातारा म्हणाला, "माझी बायको हेच सांगते आहे."

नवरा एवढं ऐकून लगबगीने नोव्हाखाली शिरला आणि मोठ्याने बोल्ट मोजायला लागला.