नाना घर बघतात

नानांना घर घ्यायचं नसतं, बघायचं असतं. पूर्वी काही स्थळं नुसतीच मुली बघत गावोगाव हिंडायची आणि पोहे खाऊन ‘कळवतो’ म्हणून परतायची, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की नाना पोह्यांना नावं ठेवत नाहीत, भिंतींना ठेवतात.

ते सरकारी नोकरीत ओव्हरसियर होते. मुंबईतल्या मोडकळीला आलेल्या इमारतींना टेकू लावता लावता त्यांची तीस वर्षं गेली. आता डोंबिवलीला वन रूम किचनमध्ये राहतात. बेसिनचा नळ गेल्या गणपतीपासून ठिबकतो आहे. त्याखाली तांब्या ठेवलेला असतो आणि तो भरला की नानी तुळशीला ओततात. नळाचा विषय काढला की नाना म्हणतात, “बघतो.” आणि शनिवार आला की दक्षिण मुंबईत दुसऱ्याचे नळ बघायला निघतात.

टॉवरमधले नवे फ्लॅट त्यांना वर्ज्य. “त्यात काय बघायचं? काल ओतलेला स्लॅब. त्याला अजून खोकलासुद्धा झालेला नाही.” त्यांना हवी असतात जुनी, नामांकित आणि कोणीतरी पाण्यासारखा पैसा ओतून पुन्हा उभी केलेली घरं. जाहिरात दिसली की ते फोन लावतात. आवाज एकदम खाली येतो, वजनदार होतो. “कार्पेट किती? बिल्टअप नका सांगू हो, बिल्टअपवर कोणी झोपत नाही.” समोरचा तिथेच अर्धा गार.

परवा मला बरोबर घेऊन गेले. ओव्हल मैदानाच्या पश्चिमेची इमारत, १९३० च्या दशकातली, आर्ट डेको. तिसरा मजला, तीन बेडरूम, पंधराशे चौरस फूट कार्पेट, मागणी १६.५ कोटी. नाना अर्ध्या बाह्यांच्या बुशशर्टात आणि शिवून घेतलेल्या चपलेत. मला धाकधूक, वॉचमन खालूनच वाटेला लावतो की काय! पण एजंट पोरगा टाय सावरत धावत आला आणि त्याने चपलेकडे बघून नमस्कार केला. नंतर माझ्या लक्षात आलं, या भागात सूटबूट घालून येतो तो कर्ज काढणार असतो. फाटक्या चपलेत येतो त्याच्याकडे पैसा असतो.

जाळीच्या लिफ्टमध्ये पोराने पाठ केलेलं म्हणून टाकलं. “सर, युनेस्को व्ह्यू आहे.”

“व्ह्यू कसला?” नाना म्हणाले. “२०१८ साली यादीत गेलं ते पलीकडचं हायकोर्ट, युनिव्हर्सिटी आणि अलीकडच्या या इमारतीसुद्धा. म्हणजे पलीकडून बघणाऱ्याला तूसुद्धा व्ह्यूच.” पोरगा नकळत ताठ उभा राहिला.

दार उघडलं आणि खरं सांगतो, माझा आवाज गेला. गोलाईने वळलेली बाल्कनी, खिडक्यांवर भुवयांसारखे छज्जे, समोर हिरवं मैदान आणि त्यापलीकडे राजाबाई टॉवर. नाना मात्र खाली बघत होते.

“मोझॅक.”

“टेराझो, सर. ओरिजिनल. सहा महिने पॉलिश चाललं होतं.”

“तेच ते. आमच्याकडे होतं. हिने हट्ट धरला म्हणून उखडून पांढऱ्या लाद्या बसवल्या. वर डबर उचलायचे वेगळे पैसे दिले.” हे सांगताना ते खाली वाकून लादीवरून हात फिरवत होते, गुरांचा बाजार बघायला आलेला माणूस बैलाच्या पाठीवरून फिरवतो तसा.

स्विचबोर्डापाशी पोरगा खुलला. काळे, गोल, खटकन वाजणारे स्विच, हुबेहूब जुन्यासारखे मुद्दाम घडवून घेतलेले. एकेकाची किंमत ऐकून मी खिशात हात घातला, उगाचच. नाना म्हणाले, “असले हजारभर तरी मी समोर उभा राहून भंगारात घातलेत. पावसाळ्यात झटका द्यायचे. तुमचे देतात का?”

“नाही सर.”

“मग कसले ओरिजिनल?”

मग नानांनी खिशातून जुना, जाड, एक रुपयाचा बंदा काढला. हा क्षण मला ठाऊक होता. बंदा घेऊन ते भिंतीला कान लावतात आणि वाजवत जातात. ठण, ठण, ठण. खिडकीच्या खाली, कोपऱ्यात, बद्द. पुन्हा वाजवलं. बद्द.

“आत सळई फुगलीय.”

“सर, सगळं रिस्टोअर झालंय.”

“रंग झालाय. सळईला कोणी कळवलं नाही.” मग त्यांनी त्या पोराला अर्धा तास शिकवलं. या इमारती उठल्या तेव्हा आरसीसी हे मुंबईत नवलाईचं काम होतं. समुद्र हटवून केलेली जमीन, वाऱ्यात मीठ. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीटला आतून ढुशी देते. “आणि ही इमारत टिकली कशामुळे ते तुझ्या माहितीपत्रकात आहे का? नाही ना? १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या दराला खिळवून ठेवली. मालकाच्या हातात चार दिडक्या. डागडुजी करायची ऐपत नाही, तशीच पाडून नवी बांधायचीही नाही. दारिद्र्याने राखलेली आहे ही, बाळा. आता सोळा कोटींना विकतोयस.”

“साडेसोळा, सर,” पोरगा हळूच म्हणाला.

त्याचा सूर ऐकून नाना जरा निवळले. बाल्कनीच्या कठड्याला टेकून विचारलं, “राहतोस कुठे?”

“विरारला.”

“स्वतःचं?”

“भाड्याचं. अकरा महिन्यांचं.”

“पाणी?”

“एक दिवसाआड.”

दोघंही थोडा वेळ गप्प राहून खाली मैदानात चाललेलं क्रिकेट बघत होते. एक एलबीडब्ल्यू दिलं गेलं. ते चुकीचं होतं यावर दोघांचं एकमत झालं.

मग नाना पुन्हा गिऱ्हाईक झाले. मुद्रांक शुल्क सहा टक्के, म्हणजे ९९ लाख. नोंदणीचे ३० हजार. बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सूट, म्हणजे साडेसोळा लाख वाचले. हा हिशेब त्यांनी लोकलच्या पासमागे लिहिला आणि घडी घालून खिशात टाकला. पोराने किल्ल्या वाजवत विचारलं, “तर मग सर?”

“हिच्याशी बोलून कळवतो.”

आणि खरंच बोलले. घरी पोचल्या पोचल्या नानींना म्हणाले, “तुझ्या नावावर घ्यावं म्हणतो.” नानी भाजी निवडत होत्या. “माझ्या नावावर नको. उद्या थोरलीला वाटेल, धाकटीला देणार.” त्यावर दोघांचं तासभर असं कडाक्याचं भांडण झालं की मी मध्ये पडून फ्लॅट निम्मानिम्मा करून दिला.

तिसऱ्या दिवशी मी तिथेच होतो तेव्हा पोराचा फोन आला. मालक पन्नास लाख सोडायला तयार आहे. नाना तोच वजनदार आवाज काढून “बघतो” म्हणाले, फोन ठेवला आणि आत ओरडले, “ऐकलंस का? पन्नास लाख वाचले!”

नानी भरलेला तांब्या घेऊन तुळशीकडे निघाल्या होत्या. “मग त्यातून नळाचं वायसर तेवढं आणा.”

“वायसरने भागायचं नाही,” नाना वर्तमानपत्राचं पान उलटत म्हणाले, “आतली सीट गेलीय.”