पुण्यातील मध्यम लग्नाचे अंदाजपत्रक: मुकुटबनकरांसाठी मार्गदर्शिका

मुलगा हिंजवडीत, मुलगी खराडीत आणि दोघांचे आईवडील झरी-जामणी तालुक्यात, हे चित्र मुकुटबनला आता नवे नाही. अशा घरी साक्षगंध आटोपते, पाहुणे बशीत चहा ओततात आणि मुलाचे मामा म्हणतात, "लग्न पुण्यालाच करून टाकू. सुटसुटीत, मध्यम." खर्चाची सुरुवात या वाक्यापासून धरावी. ज्यांच्या घरी हे वाक्य अजून कोणी बोललेले नाही, त्यांनी मामांना आणखी एक चहा द्यावा आणि विषय सोयाबीनच्या भावाकडे वळवावा. इतरांनी पुढे वाचावे.

मध्यम म्हणजे किती माणसे, हे आधी ठरवावे. कायद्याला तीन पुरतात. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे ३० दिवसांची नोटीस द्यायची, तीन साक्षीदारांसमोर सह्या करायच्या, लग्न झाले. कोविडच्या काळात सरकारने हा आकडा पंचवीसवर आणला होता. २२ एप्रिल २०२१ पासून एकच हॉल, दोन तास, २५ माणसे आणि नियम मोडला तर ५०,००० रुपये दंड. सत्यशोधक समाजाचे पहिले लग्न २५ डिसेंबर १८७३ रोजी लागले, ते तर पानसुपारीच्या खर्चात. हे तिन्ही दाखले यादी करायला बसलेल्या मंडळींना मोठ्याने वाचून दाखवावेत. मंडळी ऐकतात, महात्मा फुल्यांच्या नावाला हात जोडतात आणि १,२०० नावांची यादी पुढे सरकवतात.

इथे एक तांत्रिक अडचण आहे. पुण्यात निमंत्रण माणसाला असते, आपल्याकडे ते चुलीला असते. चूलबंद आवतन दिले की त्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. आजीपासून रांगत्या पोरापर्यंत, शिवाय त्या दिवशी त्यांच्याकडे आलेला पाहुणा, सगळे त्यात आले. पुण्याच्या केटररला मात्र आठ दिवस आधी पक्का आकडा हवा असतो. हा आकडा काढण्यासाठी गावात फिरून "तुमच्याकडून किती जण येतील?" असे विचारू नये. ते विचारणे म्हणजे येऊ नका असे सांगणे. त्याऐवजी बोलण्यावरून अंदाज बांधावा. "पाहू, सध्या लई कामं हायेत" असे म्हणणारा सहकुटुंब येतो. "आपलंच लग्न हाय, पहिल्या गाडीत जागा धरून ठेव" असे म्हणणारा येत नाही, त्याची जागा मात्र पुण्यापर्यंत रिकामी न्यावी लागते, कारण तिच्यावर त्याने रुमाल टाकून ठेवलेला असतो.

यादी कापायची तर आहेराची वही काढावी. वही म्हणजे वीस-पंचवीस वर्षांचे बिनव्याजी कर्जखाते असते आणि घरात इतका नेटका हिशोब दुसरा कशाचाही नसतो. ज्यांनी आपल्याकडे ५१ रुपये लिहिले, त्यांना बोलवावेच लागते, कारण ते ५१ त्या काळचे. ज्यांनी काहीच लिहिले नाही त्यांनाही बोलवावे लागते, नाहीतर त्यांनी काही लिहिले नाही हे आपल्या लक्षात होते असा अर्थ निघतो. वही पाहून एकही नाव कमी होत नाही, पण विसरलेली चाळीसेक नावे सापडतात. तरीही एखादे नाव कापलेच तर "आमाले सांगतलंच नाही बा" हे वाक्य पुढची तीस वर्षे ऐकण्याची तयारी ठेवावी. ते बाजारात ऐकू येते, एसटीत ऐकू येते, तेरवीच्या पंगतीतही ऐकू येते. सांगणाऱ्याचा सूर दरवेळी तेवढाच ताजा असतो.

आता पैसे. मुकुटबनच्या माणसाने पुण्याचा हिशोब रुपयांत करू नये, रुपये ऐकून आकडा डोक्यात बसत नाही. हिशोब कापसात करावा. समजा ताट १,००० रुपयांचे आणि कापून-छाटून माणसे ३००. पाच टक्के जीएसटी धरून ३,१५,००० रुपये झाले. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे नुसत्या जेवणात जवळजवळ ३९ क्विंटल गेले. कोरडवाहू रानात एकरी सहा क्विंटल धरले तर साडेसहा एकर. एका ताटात तेरा किलो कापूस येतो. तेवढा वेचायला बाईचा निम्मा दिवस जातो. ऑफिसातला मित्र तेच ताट अर्धे टाकून हात धुवायला जातो, तेव्हा त्याच्याकडे न पाहण्याचा सराव आतापासून करावा. आणि हा हिशोबही हमीभावाचा आहे. ओलावा १२ टक्क्यांच्या पुढे गेला की हमीभावाने खरेदी करणारी सीसीआय कापूस घेत नाही, आणि खेड्यावर येणारा व्यापारी लग्नाची तारीख ऐकूनच भाव सांगतो. म्हणून कापूस विकेपर्यंत पत्रिका छापू नये.

कार्यालय पाहायला जाताना घरातला सर्वात कमी बोलणारा माणूस न्यावा. मॅनेजर आधी भाडे सांगतो. ते ऐकून आपल्याला परवडेल असे वाटते. ते वाटून होऊ द्यावे, कारण त्यानंतर कागद येतो. भाड्यावर १८ टक्के जीएसटी. वीज मीटरप्रमाणे. जनरेटरचे डिझेल वेगळे. सफाई वेगळी, कचरा उचलणे वेगळे, वधूपक्षाच्या खोलीतला एसी वेगळा. डेकोरेशन त्यांच्याच माणसाचे, बाहेरचा आणला तर रॉयल्टी. मुकुटबनच्या आसपास चुनखडी आणि डोलोमाइट असल्याने रॉयल्टी आपल्याला माहीत असते. पण ती जमिनीतून दगड काढल्यावर लागते. पुण्यात झेंडूची माळ आत नेल्यावर लागते.

त्याच कागदावर संगीताच्या परवान्याचे पैसे लिहिलेले असतील तर तिथे बोट ठेवावे. संपूर्ण अंदाजपत्रकात मुकुटबनकर जिंकू शकतो अशी ही बहुधा एकमेव ओळ आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये लग्नाची वरात आणि लग्नातले इतर समारंभ यांतल्या गाण्यांना सूट आहे आणि २४ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने तसे जाहीर सूचना काढून पुन्हा सांगितले आहे. मॅनेजर ती ओळ खोडतो. खोडलेली रक्कम 'इतर' या सदरात जाते, पण कायदा आपल्या बाजूने होता याचे समाधान पदरी पडते. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा नियम मात्र दोन्हीकडे सारखाच. पुण्यात तो दहाला कळतो, आपल्याकडे दुसऱ्या दिवशी.

मुहूर्तावर पैसे वाचतात, असे पुष्कळ जण सांगतात आणि ते खरे आहे. आषाढी ते तुळशीचे लग्न या काळात कार्यालये ओस असतात, अधिक महिन्यातही तेच. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा ऐन लग्नसराईवर बसला. या दिवसांत भाव करता येतो. चातुर्मासात गौणकालाचे मुहूर्त पंचांगकर्ते देतातही. पण मुलीच्या आत्याला गौण हा शब्द चालत नाही, त्यामुळे हा परिच्छेद केवळ माहितीसाठी.

सोन्याबद्दल थोडक्यात. २०२५ मध्ये दहा ग्रॅमचा भाव लाखावर गेल्यापासून हा विषय हळू आवाजात बोलतात. आजीचे पाच तोळे वणीच्या सराफाकडे मोडायला नेण्याआधी ध्यानात ठेवावे की आजीचा तोळा ११.६६ ग्रॅमचा होता आणि आजचा दहाचा. पाचाचे पावणेसहाच्या वर होतात. सराफ घट धरून ते पुन्हा पाचावर आणतो. अशा रीतीने आजीचा शब्द खरा ठरतो.

रोख रक्कम पिशवीत घालून नेण्याची सवय सोडावी. एकाच प्रसंगासाठी एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला २०१७ पासून बंदी आहे आणि दंड घेणाऱ्याला, तोही घेतली तेवढ्या रकमेचा. नोटाबंदीच्या दिवसांत लग्नघराला बँकेतून अडीच लाख काढण्याची सवलत होती, पण कोणाकोणाला पैसे द्यायचे याची यादी जोडावी लागे. ती यादी ज्यांच्याकडे असेल त्यांनी जपून ठेवावी. महाराष्ट्रात वाजंत्री, घोडेवाला, आचारी आणि भटजी यांचे भाव एकाच कागदावर लिहून साहेबाला दाखवण्याचा प्रसंग त्याआधी कोणावर आला नसावा. आहेराचेही तसेच. लग्नात नवरा-नवरीला मिळालेल्या भेटींवर प्राप्तिकर नाही, मात्र ही सूट त्या दोघांपुरतीच आहे. वडिलांच्या खिशात गेलेले पाकीट तिच्यात बसत नाही, म्हणून पाकिटे कोणाच्या हातात द्यायची हे वऱ्हाडाला गाडीतच समजावून सांगावे.

गाडी. मुकुटबन ते पुणे सहाशे किलोमीटरहून जास्त आहे. रेल्वे आपल्या गावातून जाते, पण ती माजरी-आदिलाबाद मार्गावर आणि पुणे त्या वाटेवर नाही. म्हणजे ट्रॅव्हल्स. दोन बसेस ठरवाव्यात आणि तिसरी ठरली आहे असे समजावे. रात्रीच्या प्रवासाला जेवणाचे डबे लागतात, ढाब्यावर चहा लागतो, यवतमाळ सुटेपर्यंत काकांना उलटी होते. हॉल सकाळी सहाला ताब्यात मिळणार आणि दुपारी तीनला सोडायचा, त्यामुळे वऱ्हाड आदल्या रात्री उतरवायला लॉज हवे. लॉजवाला एका खोलीत तीन माणसे सांगतो. आपण हो म्हणावे आणि गाद्या मोजून घ्याव्यात.

जेवणाचा मेनू ठरवताना सोयऱ्यांशी वाद घालू नये. त्यांना पनीर, दोन स्टार्टर आणि लाइव्ह काउंटर हवा असतो. आपल्या माणसांना आलू-वांग्याची भाजी, पोळी, वरण-भात आणि बुंदी. दोन्ही ठेवावे. आपली माणसे हातात ताट घेऊन फिरत जेवत नाहीत, म्हणून पन्नास-साठ खुर्च्यांची पंगत कोपऱ्यात लावावी आणि वाढायला आपलीच पोरे उभी करावीत. केटरर ताटे मोजतो, तिथे मात्र थोरल्या जावयाला बसवावे. तो रुसून का होईना, जागचा हलत नाही.

एवढे सगळे झाल्यावर खर्चाचा दुसरा भाग येतो, जो अंदाजपत्रकात लिहिण्याची पद्धत नाही. लग्न पुण्याला केल्याने गाव जेवायचे राहिलेले असते. पुण्याला जेवलेल्या ३०० जणांत गाव मोजत नाहीत. ते वऱ्हाड होते. म्हणून परत आल्यावर चौथ्या दिवशी मुकुटबनला मांडव पडतो, चुली पेटतात, वांगी वणीहून येतात आणि सुरुवातीच्या त्या १,२०० नावांतले सर्वजण चूलबंद येतात. या जेवणाचा खर्च पुण्याच्या ताटाच्या मानाने किरकोळ असतो आणि आनंद पुष्कळ. पण तेव्हा पैसे संपलेले असतात, त्यामुळे सावकार, पतसंस्था किंवा मामा यांपैकी एकाकडे जावे लागते. मामा त्या दिवशी बाहेरगावी असतात. वास्तविक शेतकऱ्याच्या घरातल्या लग्नांसाठीच सरकारची सामूहिक विवाहाची योजना आहे आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी लग्नातल्या उधळपट्टीबद्दल गावोगाव खंजिरी वाजवून सांगितले. ज्या मांडवात ते भजन होते, तिथेच पंगतीचा दुसरा फेरा बसतो.

कार्यालयाचे डिपॉझिट आणायला महिन्याभराने पुण्याला एक फेरी होते. मॅनेजर फुटलेल्या दोन कपबश्या, भिंतीवरचा हळदीचा हात आणि 'इतर' वजा करून उरलेले पैसे मोजतो. मग विचारतो, धाकट्याचे कधी? पुढच्या मोसमाच्या तारखा भरत आल्या आहेत, हेच डिपॉझिट पुढे धरायचे का? अशा वेळी हातातले पैसे खिशात घालण्याआधी कोणत्या तारखा रिकाम्या आहेत तेवढे विचारून घ्यावे.