पहिला नंबर, तिकिटासोबत मोफत

गाणं यादीत वर चढलं की कलाकार मोठा, असा अमेरिकेतल्या 'बिलबोर्ड' या लोकप्रियतेच्या याद्या छापणाऱ्या संगीत-नियतकालिकाचा कायदा. ग्रेटफुल डेड या बँडला तो कुणी कळवलाच नाही. १९६५पासून तीस वर्षं दौरे केले. पहिल्या दहांत गाणं पोचलं एकच, १९८७मध्ये, तेही नवव्या क्रमांकावर. वर मैफली टेप करून न्यायला श्रोत्यांना मोकळीक! तरी तिकिटं खपतच राहिली. पुढं यादीवीरांनी शक्कल लढवली: तिकिटासोबत अल्बम गळ्यात मारायचा आणि क्रमांक पटकावायचा. अखेर २०२०मध्ये बिलबोर्डनं ही जोडविक्री मोजणं बंद करायचं ठरवलं. जी यादी तिकिटांच्या टेकूवर उभी होती, तिनंच मोठेपणाचे दाखले वाटावेत, हे बरीक छान!