आयदरवाले सर

जालन्यात एखाद्या बी-बियाण्यांच्या दुकानाच्या डोक्यावर 'स्पोकन, ग्रामर, पोलीस भरती, एमपीएससी' अशी पाटी दिसली, की जिना चढून जा. वर आयदरवाले सर सापडणारच. हे एकच आहेत असं समजू नका. अंबडला आहेत, भोकरदनला आहेत, मंठ्यालाही निघतील. खिशाला तीन पेनं, हाताला खडूची पूड, टेबलावर पानं सुटलेलं रेन अँड मार्टिन.

काळ, प्रयोग वगैरे ते घाईत उरकतात. सगळा जीव दोहोंतल्या निवडीवर. "दोन असले तर आयदर, दोनाच्या वर गेले की एनी. दोन्ही नकोत? नायदर! दोन्ही पाहिजेत? बोथ!" आणि फळ्यावर दोन मोसंब्या काढतात. पुस्तकात सफरचंदं असतात, पण परक्या फळानं व्याकरण पचत नाही असं त्यांचं मत.

तसा 'ईदर' हा उच्चारही तितकाच शुद्ध. पण 1948पर्यंत निजामाच्या राज्यात राहिलेलं हे गाव. दखनी अजून गल्लीबोळात बोलली जाते. सर 'ईदर' म्हणाले की मागच्या बाकावरची पोरं दप्तर उचलून पुढं येतात. म्हणून आयदर.

खरी पंचाईत रस्त्यानं केली. 'देअर आर शॉप्स ऑन आयदर साइड ऑफ द रोड.' एक पोरगी उठली. "सर, दुकानं एका अंगाला का दोन्ही अंगांला?"

"दोन्ही."

"मंग काल तर आयदर म्हंजे दोनातलं एक म्हणले ना तुम्ही?"

सरांनी चष्मा पुसला, घड्याळ पाहिलं आणि रस्ताच पुसून टाकला.

'एव्हरी अदर डे' म्हणजे दिवसाआड. त्याचं उदाहरण म्हणून एकदा नळाचं पाणी दिलं, तर वर्ग इतका हसला की पुढच्या बॅचपासून पाण्याच्या जागी दूधवाला आला.

दोघांत 'ईच अदर', दोघांहून जास्त असतील तर 'वन अनदर', हा तर त्यांच्या देव्हाऱ्यातला नियम. या भेदाला ना उपयोग ना इतिहासाचा आधार, असं खुद्द इंग्रजांच्या फाउलरनं 1926 सालीच लिहून ठेवलंय. सरांना सांगून पाहा. "फाउलर पेपर काढतो का?"

वर्गाबाहेर मात्र सरांकडून निवड म्हणून होत नाही. निवडणुकीत दोन्ही उमेदवार दारात आले, तर दोघांच्याही पाठीवर हात. भाकरी टाकू का पोळी, असं आतून विचारलं की "आयदर." बाई मुकाट्यानं खिचडी लावतात.

परवा मुलीला दोन स्थळं सांगून आली. एक तलाठी, दुसरा बियाण्यांच्या कंपनीतला. मध्यस्थ उत्तरासाठी खोळंबलेले. सर म्हणाले, "आयदर विल डू."

मुलगी आतून कडाडली, "पप्पा, नायदर ऑफ देम इज गोइंग टु डू!"

मध्यस्थांचा चहा बशीतच राहिला. सर त्यांच्याकडं वळले, चेहरा फुललेला.

"ऐकलं? 'इज' म्हणाली. भले भले इथं 'आर' लावतात."