ट्रकमागचा गळवाला

पेनसिल्व्हेनियातल्या ओढ्यांच्या काठी वसंताच्या तोंडावर एक विशिष्ट गृहस्थ दिसू लागतो. अंगात छातीपर्यंतची रबरी विजार, टोपीला टोचलेले दोन-तीन स्पिनर, आणि नजर पाण्याऐवजी रस्त्यावर. तो मत्स्यबीज केंद्राच्या ट्रकची वाट पाहत असतो. राज्याचा मत्स्य व नौका आयोग दरवर्षी सुमारे ३० लाख ट्राउट ओढ्यांत आणि तलावांत सोडतो, आणि कोणत्या दिवशी कुठे सोडणार ते आधी जाहीरही करतो. स्वतःच्या लग्नाची तारीख विसरणाऱ्या या माणसाला ते वेळापत्रक तोंडपाठ असते.

बादल्या वाहायला स्वयंसेवक लागतात, तिथे हा सर्वांत पुढे. सेवाभाव खराच, पण कोणत्या पुलाखालच्या डोहात किती बादल्या रिकाम्या झाल्या याची नोंदही त्याच सेवाभावाने ठेवली जाते. त्या वेळी तिथे मासेमारी बंद असते. ती एप्रिलच्या पहिल्या शनिवारी सकाळी ८ वाजता उघडते. सात वाजताच काठावर पंगत बसावी तशी माणसे खांद्याला खांदा लावून उभी असतात, आणि आपण ओतलेल्या डोहासमोर हा आधीच ठाण मांडून असतो. पहिला मासा लागला की ‘इथे असतील असं वाटलंच होतं’ असे म्हणायलाही तो कचरत नाही.

त्याचे हत्यार म्हणजे स्पिनर. तारेवर फिरणारे धातूचे पाते, खाली तीन टोकांचा गळ, एकूण वजन दोन-साडेतीन ग्रॅम. पाते फिरले की पाण्यात कंप उठतो आणि माशाला तो अंगावरच्या पार्श्वरेषेतून जाणवतो. गळ प्रवाहाच्या वरच्या अंगाला तिरका टाकायचा आणि प्रवाहापेक्षा जरा जास्त वेगाने ओढायचा, नाहीतर पाते फिरायचे थांबते आणि स्पिनर दगडात अडकतो. दोरीला पीळ पडू नये म्हणून मध्ये फिरकी-कडी हवी. ती घरी विसरण्याची या माणसाची परंपरा आहे. परिणामी सकाळचा बराच वेळ मासे पकडण्याऐवजी गुंता सोडवण्यात जातो.

रंगांबाबत त्याची मते ठाम असतात: ढगाळ हवेत सोनेरी पाते, उन्हात चंदेरी. काँक्रीटच्या हौदात गोळ्यांवर वाढलेल्या माशाला या शास्त्राचा गंध नसतो. सोडल्यावर पहिले काही दिवस तो चमकेल त्यावर झडप घालतो. मग बरेच भाऊबंद नाहीसे झाले की उरलेले शहाणे होतात. हा मात्र तेव्हा पाण्याच्या तापमानाला दोष देतो. काही स्पिनरांच्या शेपटाला खारीचे केस असतात. विस्कॉन्सिनमधली एक कंपनी त्यासाठी शिकाऱ्यांकडून खारीच्या शेपट्या विकत घेते, ही माहिती तो भेटेल त्याला देतो.

दिवसाला पाच माशांची मर्यादा आहे, लांबी निदान ७ इंच. घरात मासे कुणी खात नाही, म्हणून ते शेजारी वाटले जातात. शेजारीही आताशा दार जरा उशिरा उघडतात.

उन्हाळ्यात पाणी तापते, ट्राउट मंदावतात आणि दांडी गॅरेजात जाते. ऑक्टोबरमध्ये मासे पुन्हा सोडले जातात. त्या आठवड्याच्या रजेचा अर्ज त्याने जूनमध्येच दिलेला असतो.