पोटाची जबानी

उदरव्यथेने गांजलेला नगरी माणूस डॉक्टरांच्या दारी सहसा रिकाम्या हाताने येत नाही; बगलेत सोनोग्राफीच्या अहवालांची फुगलेली फाइल, शेजारी रोग्याहून अधिक बोलणारा मेहुणा आणि मनात 'यंत्रात काहीच निघत नाही' हा जुना सल, असा सारा लवाजमा घेऊन तो बाकावर बसतो. आणि आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, ही आतड्याची व्याधी तर अशी खट्याळ की, तिचा मुद्देमाल कोणत्याही यंत्राच्या हाती लागत नाही. ती शाबीत होते ती मुख्यतः फिर्यादीच्या जबानीवर.

या जबानीचा मसुदा प्रथम मॅनिंग नामक डॉक्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली इंग्लंडात केला. पुढे रोमच्या नावाने चाललेल्या निकषांची चौथी आवृत्ती २०१६ साली निघाली. तिच्या कलमांनुसार गेले ३ महिने आठवड्यातून सरासरी निदान एक दिवस पोट दुखलेले असावे, त्या दुखण्याचा शौचाशी, शौचाच्या खेपांतील फरकाशी आणि मलाच्या बदललेल्या रूपाशी, यांपैकी किमान दोहोंशी संबंध असावा, आणि तक्रार सुरू होऊन ६ महिने लोटलेले असावेत.

कलमे सोपी, साक्षीदार मात्र अवघड. 'पोट साफ होत नाही' हे माळीवाड्याच्या स्टँडवर परक्यालाही बिनदिक्कत सांगणारा गृहस्थ, डॉक्टरांनी 'म्हणजे नेमके काय होते?' असे पुसताच छताकडे पाहू लागतो, आणि मेहुणा 'गॅस, साहेब!' अशी परस्पर साक्ष ठोकून मोकळा होतो. अशा वेळी डॉक्टर मलाच्या सात प्रकारांचा ब्रिस्टलचा तक्ता पुढे करतात. पारनेरकडच्या एका वृद्ध मेंढपाळासोबत, मेहुण्याच्याच हुद्द्यावर, मी एकदा गेलो होतो. पहिल्या चित्रावर बोट ठेवून डॉक्टर म्हणाले, "बाबा, अशा लेंड्या होतात का?" बाबांनी चष्मा सारखा केला, चित्र निरखले आणि गंभीरपणे विचारले, "शेळीच्या का मेंढीच्या?" शहरात वाढलेल्या त्या विद्वानास याचे उत्तर देता आले नाही.

जबानी जुळली तरी हिमोग्लोबिन, सूज दाखविणारी सीआरपी, मलातील कॅल्प्रोटेक्टिन, प्रसंगी गव्हाच्या वावड्याची चाचणी, एवढी रुजुवात डॉक्टर करतात, ती दुसरा कोणी आरोपी दडलेला नाही ना हे पाहण्यासाठी. हे अहवाल निर्दोष आले की रोग्याचे तोंड उतरते. वास्तविक त्याने पेढे वाटावेत.

मात्र शौचावाटे रक्त, विनाकारण घटलेले वजन, रक्तक्षय, झोपेतून उठविणारी कळ, पन्नाशीनंतर प्रथमच उद्भवलेली तक्रार, किंवा घराण्यातला आतड्याचा कर्करोग, यांपैकी काही असेल तर केवळ जबानीवर निकाल लागत नाही, दुर्बिणीची तपासणी करावी लागते; तेवढे तरी, वाचकहो, डॉक्टरांनी पुसण्याची वाट न पाहता आधी सांगावे.