मानद पाणीतपासनीस

जुलैचा दुसरा आठवडा उजाडला की नाशिकमधल्या एका जातीच्या गृहस्थांचं चित्त थाऱ्यावर राहत नाही. पेपर आला की ते आधी आतलं पान उघडून कोपऱ्यातला धरणसाठ्याचा तक्ता वाचतात. गंगापूर, दारणा, मुकणे, भंडारदरा. कालची टक्केवारी, आजची टक्केवारी, गेल्या वर्षी याच तारखेची टक्केवारी. मधुमेही माणूस साखरेचा रिपोर्ट ज्या नजरेने वाचतो, तीच नजर. मग शुक्रवारी रात्री आमटीचा भुरका मारून ते जाहीर करतात, ‘रविवारी भंडारदऱ्याला एक चक्कर टाकून येऊ.’ या वाक्यातला ‘चक्कर’ हा शब्द नीट ऐकावा. माणूस महाबळेश्वरला फिरायला जातो, काशीला यात्रेला जातो, पुण्याला कामाला जातो. चक्कर मात्र टाकायची ती शेतावर, चालू बांधकामावर, नाहीतर नुकत्याच सासरी गेलेल्या मुलीकडे. जिथे आपला जीव किंवा पैसा अडकलेला आहे आणि आपण डोकावलो नाही तर कुणीतरी हयगय करील अशी शंका आहे, तिथे. म्हणून माझं म्हणणं असं की या गृहस्थांना पर्यटकांच्या खात्यात टाकणं चूक आहे. ते पाणीतपासनीस आहेत. पद मानद, पगार शून्य, पेट्रोल पदरचं.

वय पंचेचाळीस ते पासष्ट. सातपूर-अंबडच्या कारखान्यात सुपरवायझर, बँकेत अधिकारी, किंवा नाशिकरोडच्या नोटप्रेसमधून निवृत्त. दिंडोरी रोडवर मेरी म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. तिथे धरणांचा अभ्यास चालतो आणि तिथला एक तरी माणूस तपासनिसांच्या ओळखीचा असतो. ‘आपला मेरीतला माणूस सांगत होता’ या पाच शब्दांवर त्यांची निम्मी विधानं उभी असतात. सहाला निघायचं ठरतं, म्हणजे गाडी सव्वाआठला हलते. डिकीत तिखटमिठाच्या पुऱ्या, कैरीचं लोणचं, चहाचा थर्मास, चिखलाच्या पायांसाठी जुने पेपर, तीन टॉवेल आणि नायलॉनच्या दोरीचं एक भेंडोळं. ‘अहो, दोरी कशाला?’ या प्रश्नाला ‘असू दे, लागली तर?’ असं उत्तर अनेक पावसाळ्यांपासून ठरलेलं आहे आणि दोरीची गाठ अजून सुटलेली नाही. मौजेला निघालेला माणूस दोरी घेत नाही. दोरी घेतो तो जबाबदारीवर निघालेला.

आता पुरावे. पहिला पुरावा रस्ताच देतो. नाशिकपासून भंडारदरा सुमारे ७० किलोमीटर. नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तासाभराच्या अंतरावरच्या इगतपुरीत ३,०००च्या वर. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या भिंतीला धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि बहुतेक माल तिथेच उतरवतात. नाशिकला पोहोचतात ते रिकामे टेम्पो. हा पर्जन्यछायेचा धडा शाळेत घोकून ज्यांना कळला नाही, त्यांना तो तपासनिसांच्या गाडीच्या वायपरवरून कळेल. विल्होळीला वायपर बंद, वाडीवऱ्ह्याला मधूनमधून, घोटीला पहिला वेग, बारीच्या घाटात शेवटचा. साहेब एकेक टप्पा मोठ्याने नोंदवतात. ‘बघ, गेल्या वर्षी गोंद्यालाच लावावा लागला होता.’ निसर्गाच्या ओढीने निघालेला माणूस खिडकीतून डोंगर बघतो. हे काचेवरचं पाणी बघतात. घोटीच्या पुढे उजवीकडे कळसूबाई आहे, १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. पण ते ढगात असतं, आणि जे ढगात आहे त्याची टक्केवारी निघत नाही म्हणून त्याचा विषयही निघत नाही. भातखाचरात गुडघाभर चिखलात आवणी चाललेली दिसली की मात्र काच खाली होते. ‘काय मामा, यंदा पाऊस कसा?’ डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घेतलेले मामा अंगावरून ओघळणाऱ्या पाण्याकडे एकदा बघतात आणि म्हणतात, ‘हाय की.’ तेवढ्याने समाधान होतं. काच वर जाते.

दुसरा पुरावा अधिक भक्कम आहे. भंडारदऱ्याचा जलाशय बघायचा तर उत्तम काळ नोव्हेंबर. तेव्हा धरण भरलेलं, आकाश धुतलेलं, पलीकडे रतनगडाची रांग स्पष्ट आणि रस्ते मोकळे. तपासनीस नोव्हेंबरात चुकूनही जात नाहीत. ते जातात जुलै-ऑगस्टात, जेव्हा शेंडी गावात उतरल्यावर स्वतःच्या गाडीचा नंबरही धुक्यात वाचता येत नाही. जलाशयाच्या काठावर सगळं कुटुंब एका ओळीत उभं राहतं आणि समोरच्या पांढऱ्या पडद्याकडे बघतं. ‘बाबा, तळं कुठंय?’ ‘हे काय, समोर.’ वीस मिनिटं असं उभं राहून मंडळी तृप्त होऊन भज्यांच्या टपरीकडे वळतात. सौंदर्याचा भोक्ता या प्रकाराला फसवणूक म्हणेल. तपासनिसांच्या दृष्टीने काहीच बिघडत नाही, कारण तळं दिसावं अशी त्यांची मागणीच नव्हती. त्यांना आकडा हवा होता, तो टपरीवाला देतो. सांडव्याचा आवाज कानावर आला की पंचनामा पूर्ण. उंचीचंही तसंच. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, हा जलाशय साडेसातशेच्या आसपास. म्हणजे दिवसभराच्या घाटवळणांची निव्वळ कमाई दीडशे मीटर. लडाखचा पँगाँग चार हजार मीटरच्या वर आहे. तरी बारीच्या घाटात साहेबांच्या कानाला दडे बसतात आणि ते मागे वळून सगळ्यांना आवंढा गिळायला सांगतात.

तिसरा पुरावा त्यांच्या बोलण्यात आहे. धरणाच्या मोरीतून पाणी सोडलं की खालच्या गोलसर खडकावर ते चहूबाजूंनी पसरतं आणि छत्रीसारखा धबधबा तयार होतो. त्याला अम्ब्रेला फॉल म्हणतात. इतर लोक विचारतात, धबधबा कुठे आहे? तपासनीस विचारतात, ‘छत्री चालू आहे का?’ दळणाचा डबा खांद्यावर घेऊन गिरणी चालू आहे का विचारावं, तसं. धबधबा हा पाटबंधारे खात्याने फिरवलेल्या चाकाचा परिणाम आहे हे ते कधीच विसरत नाहीत. मग भिंतीखाली उभं राहून मुलांना माहिती देतात: प्रवरेवरचं धरण, काम सुरू १९१०, पूर्ण १९२६, सगळी दगडी बांधणी, उंची २७० फूट, गव्हर्नर विल्सन यांच्या नावाने विल्सन डॅम, साठा ११,०३९ दशलक्ष घनफूट. आपल्या गंगापूरच्या जवळजवळ दुप्पट. मुलं मक्याच्या कणसाकडे बघत असतात. लिंबू फिरवलेलं, तिखटमीठ चोळलेलं, कोळशावर एका बाजूने जरा जास्तच काळं पडलेलं कणीस. या दौऱ्यात खरा पर्यटक कुणी असेल तर तो मागच्या सीटवरचा.

हे वेड आलं कुठून, असं कुणी विचारील. माझ्या मते ते रामकुंडावरून आलं. पुराचं मोजमाप मारुतीच्या अंगावर करणारं हे शहर आहे. तिथे गोदावरीच्या पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी त्याच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला, अशी पुराची पट्टी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. नारोशंकराच्या देवळाची घंटा ही त्या पट्टीची वरची खूण. १९६९, २००८, २०१६ अशा मोठ्या पुरांची आठवण इथे मारुती कितपत बुडाला यावरून सांगितली जाते, आणि पाणी वाढलं की अर्धं गाव होळकर पुलावर जमतं. ‘पूर बघायला जाणे’ हा नाशिकचा कुळाचार आहे. ज्याच्या आजोबांनी धोतराचा सोगा वर धरून मारुतीची छाती मोजली, त्याचा नातू गाडी घेऊन सत्तर किलोमीटरवर धरणाची टक्केवारी मोजतो. पट्टी बदलली, मोजणारा तोच.

यावर पहिला आक्षेप असा की पाणीच तपासायचं तर गंगापूर धरण शहराच्या उशाशी आहे, तिथे का जात नाहीत? प्रश्न बिनतोड वाटतो. पण गंगापूरचा आकडा रोज सकाळी चहाबरोबर घरात येतो, आणि मातीच्या त्या लांबलचक बांधावर उभं राहून पाणी किती आहे ते दिसतं, कुठून आलं ते दिसत नाही. भंडारदऱ्याला आवक डोळ्यांदेखत चालते. घाटघरला ढग कड्यावर आपटतो, रतनवाडीच्या वाटेवर दर शंभर पावलांना एक ओहोळ रस्ता ओलांडतो आणि गाडीच्या चाकाखालून तळ्याकडे निघून जातो. बँकेतली शिल्लक पासबुकात कळतेच. पण पैसे जमा होताना बघायचं सुख वेगळं. शिवाय कुठलीही तपासणी मुख्यालयात होत नसते. दौरा काढावा लागतो, वाटेत मिसळ खावी लागते, तेव्हा ती तपासणी ठरते.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. भंडारदऱ्याचं पाणी नाशिकचं नाहीच. ते प्रवरेने अकोले, संगमनेर, श्रीरामपूरकडे जातं. नाशिककराच्या नळाला त्यातला थेंबही येत नाही. मग हे परक्याच्या हंड्यात डोकावणं झालं. वरवर खरं आहे. पण प्रवरा पुढे प्रवरासंगमाला गोदावरीला मिळते आणि दोघींचं पाणी जायकवाडीत जातं. २००५च्या कायद्याने समन्यायी पाणीवाटप आलं, आणि मेंढेगिरी समितीच्या सूत्राने असा हिशेब घातला की १५ ऑक्टोबरला जायकवाडी ६५ टक्क्यांपर्यंत पोहोचलं नसेल तर वरच्या धरणांतून, म्हणजे नाशिक आणि नगर दोन्हीकडून, पाणी खाली सोडावं. ही कलमं तपासनिसांनी वाचलेली नसतात. त्यांनी त्याचं सार काढलेलं असतं: ‘भंडारदरा भरून वाहिलं की आपलं गंगापूर वाचलं.’ मराठवाड्यातला शेतकरी हे ऐकून कपाळाला हात लावील, आणि त्याचं चुकणार नाही. त्याच्या हक्काच्या पाण्याला इथे ‘आपलं’ म्हटलं जातंय. तरी एवढं मान्य करायला हवं की एका नदीखोऱ्यातले लोक एकमेकांच्या पाण्यात गुंतलेले असतात, हे सरकारी अहवाल ज्या भाषेत सांगतात त्यापेक्षा हा माणूस बऱ्या भाषेत सांगतो.

तिसरा आक्षेप, हे सगळं फोटोसाठी चालतं, हा फार टिकत नाही. त्यांचे फोटो उघडून बघा. मधोमध सांडवा, आणि चेहरा कडेला, अर्धा कापलेला. कुटुंबाच्या ग्रुपवर फोटोखाली ‘छान वातावरण’ असं नसतं. ‘आवक चालू’ असं असतं.

चौथा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याला माझ्याकडे विनोदी उत्तर नाही. रविवारी शेंडीच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, त्यात गावातल्या आजारी माणसाची गाडी अडकते, आणि संध्याकाळी ओढ्याकाठी पाण्याच्या रिकाम्या बाटल्या राहतात. तपासनिसाने तपासायला आलेला मालच खराब करावा, हे कुठल्या नियमात बसतं? त्याहून मोठी उणीव तारखांची आहे. पावसाळ्यात आभाळ फाटणाऱ्या या पट्ट्यातल्या इगतपुरी-अकोल्याच्या वाड्यापाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बायका हंडे घेऊन लांबवर चालतात. पाऊस प्रचंड, पण उतार तीव्र आणि कातळ घट्ट. आलेलं पाणी थांबत नाही, आणि थांबवलेलं पाणी खालच्या गावांसाठी असतं. पाण्याची तपासणी करायची तर खरी वेळ ती. साहेब तेव्हा येत नाहीत का? येतात. मेअखेरीला झाडांवर काजवे लखलखू लागले की तेही चक्कर टाकतात. फक्त काजवे रात्री दिसतात आणि हंडे दिवसा. गाडी अंधारात येते, अंधारात परत जाते, आणि तपासणीच्या वहीत त्या रकान्यात काही लिहिलं जात नाही.

म्हणून त्यांची नेमणूक रद्द करावी असं मी म्हणणार नाही. ज्या प्रदेशात नळ उघडल्यावर पाण्याआधी हवेचा फुसकारा ऐकू येतो, तिथे पाण्याची काळजी करणारा माणूस, अर्धामुर्धा का होईना, असावा. सोमवारी ते ऑफिसात जातात, बूट अजून ओले असतात, आणि चहाच्या वेळी अहवाल सादर होतो: ‘भंडारदरा तांत्रिकदृष्ट्या भरलं.’ पेपरांनी रूढ केलेला हा शब्दप्रयोग. धरण काठोकाठ नसतं, पण सुरक्षेपुरती जागा राखून भरलं असं जाहीर करता येतं. ऐकणारे माना डोलावतात. तपासनिसांबद्दलही शेवटी हेच म्हणता येईल. त्यांची तपासणी तांत्रिकदृष्ट्या पूर्ण आहे. मे महिन्यातला एक दिवस, तोही दुपारचा, तेवढी जागा रिकामी आहे. गेलेच कधी, तर डिकीतली दोरी त्या दिवशी नक्की उपयोगी पडेल. तिथल्या विहिरींचं पाणी मेमध्ये बरंच खोल गेलेलं असतं.